काटेमास्तरांनी भरलेला रकाना

गाठ पहिल्यांदा डॉक्टरांना दिसली नाही, फोटोवाल्याला दिसली.

शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची नवी ओळखपत्रं करायची होती. फोटोवाला एक पांढरा पडदा आणि दोन दिवे घेऊन आला होता. कार्यालयातल्या लिपिकबाई खुर्चीत बसल्या. "हनुवटी वर घ्या, थोडं डावीकडे. गळ्यावर सावली पडतेय," असं म्हणत त्यानं एक दिवा सरकवला, मग दुसरा सरकवला. सावली जागची हलेना. शेवटी कॅमेऱ्यामागून डोकं काढून तो म्हणाला, "बाई, जरा थुंकी गिळा बरं." त्यांनी गिळली. गळ्यावरचा फुगवटा वर गेला आणि परत खाली आला. "सावली नाही ही. दाखवून घ्या कुणाला तरी," असं सांगून त्यानं पुढच्याला हाक मारली.

या लिपिकबाईंचा नवरा म्हणजे काटेमास्तर. हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केल्यावर बाजारानं ते नाव दिलं, आणि पुढं पुढं घरी येणाऱ्या पत्रांवरही तेच येऊ लागलं. चपलांच्या दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांची दहा बाय बाराची खोली होती. एका भिंतीला कामाचं टेबल. दुसऱ्या भिंतीला फळी, फळीवर लोखंडी वजनं, वर्गात मुलं उंचीप्रमाणे उभी करावीत तशी. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत पितळेची प्रमाणित वजनं मऊ कातड्यात गुंडाळून ठेवलेली असत. त्यांना उघडं बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं, असं मास्तर सांगत. ऐकणाऱ्याला हसू येई. मास्तरांना येत नसे.

दाराच्या वर एक जुनी पितळी दांडी टांगलेली होती. तिचा एक हात किंचित घासलेला. ती मास्तरांची पहिली चूक. सोळाव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली शिकत असताना एका दुकानदाराचा तराजू दुरुस्तीला आला. एक पारडं जड भरत होतं. पोरानं कानस घेतली आणि दांडी घासून टाकली. उस्ताद आले, त्यांनी पारडं उलटं केलं. खाली मेणाचा गोळा चिकटला होता. "चांगल्या दांडीचा जीव घेतलास," एवढंच ते म्हणाले. मग खिळा ठोकून ती दांडी स्वतःच दारावर टांगली. "आकडा वाचणं हे शेवटचं काम. आधी पारडं उलटं करून बघायचं." उस्ताद गेले, दुकान मास्तरांकडे आलं, दांडी तिथंच राहिली.

असा हा माणूस. घरातही सगळं जागच्या जागी. पाण्याचं बिल, घराचा कर, गॅसची नोंदणी, मुलीच्या शाळाप्रवेशापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंतचे सगळे अर्ज मास्तरांनीच भरलेले. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. काट्यांच्या सरकारी पडताळणीचे अर्जही तेच भरत. दुकानदाराला विचारायचं म्हणजे वेळ फुकट. त्याला काट्याचा प्रकार ठाऊक नसतो, क्षमता ठाऊक नसते, मागची तारीख तर मुळीच नाही. मास्तर काट्याकडे एक नजर टाकत आणि सगळे रकाने एका दमात भरून पुढ्यात ठेवत. "सही कर." दुकानदार सही करी. बायकोच्या बाबतीतही तसंच होतं. तीस वर्षं तिचे अर्ज मास्तरांनी भरायचे आणि तिनं सही करायची.

त्यामुळे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत खिडकीतून फॉर्म बाहेर आला तेव्हा तो मास्तरांच्याच हातात गेला. वय, पत्ता, कुणी पाठवलं. सध्या कोणती औषधं चालू आहेत? मास्तरांनी लिहिलं: नाही. जीवनसत्त्वाच्या किंवा इतर गोळ्या? नाही. बायको शेजारच्या बाकावर पदराशी चाळा करत बसली होती. "सही कर," मास्तर म्हणाले. तिनं केली.

तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती आणि ती मास्तरांनाही माहीत होती, पण दोघंही बोलत नव्हते. तिचे वडील गळ्याच्या आजारानं गेले होते. आवाज बसलाय, आवाज बसलाय म्हणत चार महिने गुळण्या करत राहिले, आणि डॉक्टरांकडे गेले तोवर फार उशीर झाला होता. त्या चार महिन्यांत घरात कुणी "दाखवून या" म्हटलं की ते ताट सोडून उठून जात. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यानंतर घरात कुणाचा आवाज बसला की तिच्या हातातलं काम थांबे.

सोनोग्राफीत कळलं की गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी जी ग्रंथी असते, थायरॉईड, तिच्या डाव्या पंखावर गाठ आहे. अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आतून भरीव. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला आणि दोन्ही कागद घेऊन दोघं मोठ्या डॉक्टरांकडे गेले. या डॉक्टर म्हणजे चाळिशीच्या, बारीक चणीच्या, बोलताना पेन्सिलीनं टेबलावर टकटक करणाऱ्या बाई. त्यांनी आधी अहवाल बाजूला ठेवला. नाडी पाहिली. दोन्ही हात पुढं करायला लावून बोटांवर एक कागद ठेवला, थरथरतो का ते पाहायला. कागद जागचा हलला नाही.

"वजन कमी झालंय का?"

"कशाचं होतंय, डॉक्टर? साड्यांचे ब्लाऊज उसवायला टाकलेत," बायको म्हणाली.

"छातीत धडधड? घाम? झोप?"

"झोप चांगली आहे. निदान त्या फोटोवाल्यापर्यंत तरी होती."

"केस गळतात?"

बायको क्षणभर थांबली. "गळायचे. आता कमी झालेत."

"काही गोळ्या वगैरे चालू?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "साधं डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती."

डॉक्टरांनी फॉर्मची प्रत पाहिली. तिथंही तेच लिहिलेलं होतं. मग अहवाल पुढ्यात ओढून त्या म्हणाल्या, "हे बघा. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. ती थायरॉईडला हुकूम सोडते, माल तयार कर. त्या हुकमाचं नाव टीएसएच. थायरॉईडनं माल जास्त काढला की हुकूम कमी होतो, कमी काढला की वाढतो."

"एक पारडं वर, एक खाली," मास्तर लगेच म्हणाले.

"अगदी. यांचा हुकूम जवळजवळ शून्यावर आलाय आणि माल हद्दीबाहेर. कागद सांगतो की ग्रंथी बेफाम काम करतेय. आणि समोर बघावं तर..." त्या बायकोकडे बघत राहिल्या, पेन्सिलीची टकटक थांबली. "समोर बघावं तर तसं काहीच दिसत नाही. असो. असं कधी कधी होतं. गाठ स्वतःच जास्तीचं काम करत असेल तर आपल्याला ते बघता येतं. एक स्कॅन असतो, अगदी थोडं किरणोत्सारी औषध देऊन. गाठीनं ते भरभरून ओढून घेतलं तर ती कामकरी गाठ. त्यातली एक गोष्ट चांगली आहे. अशा जास्त काम करणाऱ्या गाठींत कॅन्सर क्वचितच सापडतो. मग गाठीत सुई घालून तपासायची सहसा गरज पडत नाही."

तो शब्द उच्चारला गेला तेव्हा बायकोनं खुर्चीचा हात धरला होता. शेवटचं वाक्य ऐकल्यावर तो सुटला. स्कॅनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

त्या बारा दिवसांतले पहिले आठ दिवस घरात मोकळे गेले. बायकोची धाकटी बहीण रोज फोन करी. ती हसतखेळत बोलणारी, सगळ्या गोष्टींवर औषध माहीत असणारी. "ताई, कष्टाळू गाठ आहे तुझी, तुझ्यासारखीच," असं ती म्हणाली आणि दोघी बहिणी फोनवर पाच मिनिटं हसत होत्या. बायको स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. मास्तरांनी मात्र अहवालाची फाईल केली, वर लेबल लावलं, आणि ते लेबल दिवसातून दोनदा वाचलं. त्यांना काहीतरी खुपत होतं. कागद एक सांगतो, माणूस दुसरंच सांगतो, हे म्हणताना डॉक्टरांचं थांबणं त्यांच्या डोक्यातून जाईना. पण आकडा दशांश चिन्हापर्यंत छापलेला, खाली सही, शिक्का. शिक्क्यापुढं मास्तरांची जन्माची शरणागती.

नवव्या दिवशी चौकातल्या किराणा दुकानदारानं बोलावलं. त्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पाच किलोला साठ ग्रॅम कमी दाखवत होता.

"काटा म्हातारा झाला, मास्तर. नवाच घ्यावा म्हणतो. गिऱ्हाइकं खूश आहेत, मी मात्र खंगत चाललोय."

"तू खंगतोयस?" मास्तरांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. "मग काटा खरंच बिघडला असेल."

त्यांनी वरची ताटली उचलून उलटी केली. साखरेचा पाक वाळून कडक झाला होता आणि त्यात एका पेनाचं टोपण रुतून बसलं होतं. ताटलीचा थोडा भार त्या टोपणावर पडत होता, काट्यापर्यंत पोचतच नव्हता. मास्तरांनी टोपण काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ताटली परत ठेवली, पाच किलोचं वजन चढवलं. आकडा बरोबर आला.

"एवढंच?" दुकानदार म्हणाला.

"एवढंच. काटा ठणठणीत आहे. तू फेकायला निघाला होतास."

हे वाक्य बोलून मास्तर तिथंच उभे राहिले. दुकानदार त्यांच्यापुढं मजुरी धरून होता, त्यानं दोनदा "मास्तर, मास्तर" केलं तेव्हा ते भानावर आले. टोपण त्यांच्या खिशातच राहिलं.

संध्याकाळी त्यांनी फाईल काढली. अहवालाची पुढची बाजू त्यांना पाठ होती. मागची त्यांनी वाचली नव्हती. मागं बारीक अक्षरात सूचना छापल्या होत्या, कुणी वाचू नयेत अशाच आकाराच्या. मास्तरांनी भिंग घेतलं, ज्यानं ते वजनांवरचे जुने शिक्के वाचत. सहावी सूचना अशी होती: केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या, बायोटिन असलेल्या गोळ्यांमुळे काही चाचण्यांचे आकडे प्रत्यक्षापेक्षा वेगळे येऊ शकतात, अशा गोळ्या घेत असल्यास तपासणीपूर्वी कळवावे. आमच्या घरात असल्या गोळ्या नाहीत, असं मनाशी म्हणून मास्तरांनी फाईल मिटली. पारडं उलटं करून पाहिलं, खाली काही नव्हतं. तरी रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायको सकाळी भाजी आणायला गेली होती. मास्तरांच्या सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं, म्हणून त्यांनी कपाटातून शिवणाचा पत्र्याचा डबा काढला. डबा नेहमीपेक्षा जड लागला. इतरांना लागला नसता, मास्तरांना लागला. बटणांच्या, रिळांच्या खाली एक जाडसर बाटली होती. बाटलीवर लांबसडक केसांच्या बाईचं चित्र. मास्तर खिडकीशी गेले, बाटली उजेडात धरली. बायोटिन, दहा मिलिग्रॅम. केसांच्या वाढीसाठी. रोज एक. निम्म्याहून जास्त बाटली रिकामी होती.

ते खुर्चीवर बसले. सदरा मांडीवर, बाटली हातात.

म्हणजे आकडा खोटा होता. ग्रंथी बेफाम नव्हती, चांगली असणार. यात आनंदच मानायला हवा. पण मास्तरांचं डोकं हिशोबी, ते पुढची पायरी चढल्याशिवाय राहीना. ग्रंथी बेफाम नसेल तर गाठ कामकरी नाही. गाठ कामकरी नसेल तर "क्वचितच" हा शब्द तिला लागू नाही. मग सुई. मग तो दुसरा शब्द पुन्हा घरात येणार, आणि गुणगुणणं बंद होणार. स्कॅनला दोनच दिवस राहिले होते. बाटली जागेवर ठेवली, बटण लावलं, गप्प बसलं, तर? स्कॅन होईल तेव्हा होईल. त्यांनी बाटली खरंच एकदा परत डब्यात ठेवली. झाकणही लावलं. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

बायको पिशव्या घेऊन आत आली. मास्तरांपुढचा डबा तिनं पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"डबा कुणी काढायला सांगितला होता?"

"बटण तुटलं."

"मला सांगायचं होतं. मी लावून दिलं असतं."

मास्तरांनी झाकण उघडलं, बाटली काढून टेबलावर ठेवली. "किती दिवस घेतेस?"

"धाकटीनं दिली. चारेक महिने झाले." ती पिशवीतली भाजी काढू लागली, उगाच भराभर. "हसा आता. तुम्हाला हसायला निमित्त हवंच. मागं मी दुकानात जेवणाचा डबा घेऊन आले होते तर काय म्हणालात सगळ्यांसमोर? पारड्यात केस सापडला, म्हणालात, एवढे गळतात की हिचं वजन करून सूट द्यावी लागेल. सगळे खो खो हसले. मी पण हसले. मग कुठं ठेवू बाटली? देव्हाऱ्यात?"

मास्तरांना तो विनोद आठवत होता. चांगला जमला होता असं त्यांना तोवर वाटत होतं.

"अगं, तपासणीच्या फॉर्मवर विचारलं होतं. गोळ्या चालू आहेत का म्हणून."

"कुणाला विचारलं होतं?"

मास्तरांनी बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मला विचारलं होतं का कुणी? फॉर्म तुमच्या हातात. तुम्ही लिहिलंत नाही, नाही, नाही. डॉक्टरांनी मला विचारलं तर तुम्ही उत्तर दिलंत. मी तोंड उघडेपर्यंत तुमचं सांगून झालेलं असतं, अहो. तीस वर्षं सही कर, सही कर. मी म्हणजे काय किराणा दुकानदार आहे?" तिनं हातातली काकडी टेबलावर आपटली. "आणि हे औषध कुठं आहे? केसांची गोळी ती. तेल लावतो तसं."

मास्तरांनी फाईल आणली. भिंग दिलं. तिनं सहावी सूचना वाचली, मग बाटलीवरचं वाचलं, मग परत सूचना वाचली. शाळेच्या दाखल्यांवर शिक्के मारण्यात तिचीही हयात गेली होती. एका कागदावरचा शब्द दुसऱ्या कागदाशी जुळवायला तिला शिकवावं लागत नव्हतं. हळूहळू ती खाली बसली.

"म्हणजे ती कष्टाळू गाठ नाही," ती म्हणाली.

"नसेल कदाचित."

"म्हणजे सुई."

"डॉक्टर ठरवतील."

नळाखालची बादली भरून वाहू लागली, तरी कुणी उठलं नाही.

"नाही सांगितलं तर?" ती हळूच म्हणाली. "होऊ दे की स्कॅन. आठ दिवस मी नीट झोपलेय. त्या फोटोवाल्यानंतर पहिल्यांदा."

मास्तरांना हेच हवं होतं. दहा मिनिटांपूर्वी त्यांनीही झाकण लावलं होतं. आता "बरं" म्हटलं की झालं. पण त्यांना दुकानाच्या दारावर टांगलेली दांडी दिसू लागली. चांगली, सरळ, आणि एका अंगानं घासलेली. ग्रंथीत दोष नसताना ती दाबायची औषधं कुणी सुरू केली तर ती कानसच झाली. आणि जिच्यात दोष असेल ती गाठ मात्र तशीच राहील, कुणी न बघता.

"मी सांगणार नाही," ते म्हणाले. "मी काहीच सांगणार नाही. गळा तुझा आहे. तूच ठरव."

आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी एक रकाना कोरा सोडला, आणि तो सोडणं त्यांना वीस किलोचं वजन उचलण्यापेक्षा जड गेलं.

बायको उठली, नळ बंद केला. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "बाबा पण असंच म्हणायचे. आत्ता बरं वाटतंय तर कशाला उकरायचं." मग ओले हात पदराला पुसून तिनं फोन उचलला. रविवार असल्यामुळे डॉक्टरांच्या मदतनीसानं तो घेतला. तिनं त्याला बाटलीवरचं नाव आणि मात्रा अक्षर न अक्षर सांगितली. दोनदा वदवून घेतली. "त्यांना आजच कळवा. स्कॅनच्या आधी."

तासाभरात डॉक्टरांचाच फोन आला. मास्तर शेजारी उभे, कान लावून. "बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणत होत्या. "मी तेव्हापासून कोड्यात आहे. गोळी शरीराला काही करत नाही हो, त्या चाचणीच्या रसायनाला फसवते. स्कॅन सध्या रद्द. आठवडाभर गोळी बंद, मग पुन्हा रक्त."

तो आठवडा कसा गेला ते त्या दोघांनाच ठाऊक. धाकटी बहीण फोनवर रडली, "माझ्यामुळं, ताई," म्हणून, आणि आजारी बाईनंच तिची समजूत काढली. दुसऱ्या तपासणीचा आकडा आला. हुकूम दोन पूर्णांक एक, माल हद्दीत, अगदी मधोमध. पारडी समान.

"ग्रंथीचं काम उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. बायकोनं मान हलवली, पुढचं ऐकायला. "पण एक लक्षात घ्या. हे रक्त फक्त कामाबद्दल बोलतं. गाठ कसली आहे ते रक्ताला सांगता येत नाही. हा आकडा चांगला आला म्हणजे गाठ चांगलीच, असं नाही. वाईट आला असता तर गाठ वाईटच, असंही नाही. गाठ आहे भरीव, आकारानं मोठी, कडा जरा अस्पष्ट. शंभरातल्या नव्वदच्या वर गाठी निरुपद्रवी निघतात. उरलेल्यांतली ही आहे का, ते पेशी काढूनच कळेल."

सुई घालायच्या दिवशी मास्तर बाहेरच्या बाकावर बसले. आत सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बारीक सुई चार वेळा गेली. दर वेळी काही क्षण गिळायचं नाही, बोलायचं नाही. बाहेर मास्तरही गिळत नव्हते. त्यांच्या ते लक्षात आलं तेव्हा घशाला कोरड पडली होती. बायको गळ्यावर कापसाची पट्टी लावून बाहेर आली आणि म्हणाली, "दात काढण्यापेक्षा बरं. तुम्हाला काय झालं? तुम्हाला टोचली का?"

अहवालाला आठ दिवस.

त्या आठ दिवसांत मास्तरांच्या हातून एक वजन बिघडलं. लोखंडी वजनाच्या पोटात भोक असतं, त्यात शिसं भरून वजन नेमकं करतात. मास्तरांनी शिसं ओतलं, आणि ओतत राहिले. दोन किलोचं वजन नऊ ग्रॅमनं जास्त झालं. चपलांचा दुकानदार डोकावून म्हणाला, "मास्तर, आज काटा नाही, तुम्हीच हललाय." त्यांनी शिसं खरवडून काढलं. घरी रोज संध्याकाळी बायको विचारी, "फोन आला?" ते म्हणत, "नाही." मग ते विचारत, "तुला आला?" ती म्हणे, "नाही." फोन घरात एकच होता.

नवव्या दिवशी बोलावणं आलं. दवाखान्याच्या खिडकीतून पाकीट मिळालं, चिकटवलेलं. खिडकीतल्या मुलीनं ते सवयीनं मास्तरांपुढं धरलं. मास्तरांचा हात वर गेला, आणि मग शेजारी वळून त्यांनी मानेनंच खूण केली. बायकोनं पाकीट घेतलं. ती डॉक्टरांच्या दारापर्यंत चार पावलं चालली, थांबली, आणि दार न उघडता पाकीटच उघडलं. मास्तरांना तिच्या खांद्यावरून वाचता आलं असतं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सेकंदाचा काटा अडखळत होता, तेल हवं होतं त्याला.

"वर्ग दोन," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी लांबून आल्यासारखा. "म्हणजे काय हो? दोन म्हणजे नापास का पास?"

"मला नाही माहीत," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

दार आतून उघडलं. डॉक्टरांनी कागद घेतला, एक ओळ वाचली. "निरुपद्रवी," त्या म्हणाल्या. "वर्ग दोन म्हणजे निरुपद्रवी. बसा, आधी बसा दोघंही."

पुढचं त्या सांगत होत्या ते मास्तरांनी नंतर दोनदा विचारून घेतलं. गाठ निरुपद्रवी, पण तिला विसरायचं नाही. वर्षभरानं पुन्हा सोनोग्राफी. मध्येच वाढली, आवाज बदलला, गिळायला त्रास झाला तर लगेच यायचं. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरच्या फरकानं घाबरायचं नाही, पण ते आपण आपलं ठरवायचं नाही, इथं दाखवायचं. सुईही कधी चुकते, क्वचित. म्हणून तर वर्षानं परत.

"मग उगाच सुई खाल्ली म्हणायची," बायको म्हणाली, आणि तिचे डोळे भरून वाहत होते. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही कळलं नसावं.

"उगाच कशी?" मास्तर म्हणाले.

बाहेर खिडकीवर पुढच्या वर्षीच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा होता. मुलीनं तो सरकवला. मास्तरांनी खिशात हात घातला. पेनाआधी किराणा दुकानातलं ते टोपण हाताला लागलं, साखरेनं अजून जरा चिकट. ते परत खिशात टाकून त्यांनी पेन काढलं, झाकण काढलं आणि बायकोपुढं धरलं.

बायकोनं चष्मा लावला. सावकाश लिहू लागली. वय, पत्ता. मग ती जिथं थांबली तो रकाना मास्तरांना उलट्या बाजूनंही ओळखू आला. सध्या कोणती औषधं किंवा गोळ्या चालू आहेत? ती विचार करत राहिली. मागं रांग वाढत होती. तिला काहीतरी जास्तच लिहायचं होतं, कारण एक ओळ संपली, दुसरी संपली.

"एवढं काय आहे?" मास्तरांनी मान वाकडी करून पाहायचा प्रयत्न केला.

तिनं डावा हात आडवा ठेवून कागद झाकला, शाळेत मुली झाकतात तसा. "थांबा," ती म्हणाली. "माझं लिहून व्हायचंय."